चार रव्यांचा वेळ

मार्केट यार्डात, शेट्यांच्या आडत दुकानात,
सौदा ऐन रंगात असताना पडदा गोठला.
बाण फिरतो, घड्याळ पुढं सरकतं,
वजनाच्या चौकटीत मात्र आकडा उमटत नाही.
शमा बागवान कीबोर्डवरची बोटं उचलून बसलेली,
गढूळ पाणी निवळायची वाट बघावी तशी.
मग सगळे आकडे एकदम कोसळले,
आणि एका गाडीचं वजन दोनदा पडलं.

निळकंठ शेटे म्हणाले, व्हायरस.
त्यांचा धाकटा म्हणाला, रॅम वाढवा.
वायरमन अर्थिंगवर ठाम होता.
आणि दारातनं, पाठीवरचा रवा न उतरवता,
हिंदूराव पोवार म्हणाला,
"दम खायलंय बगा ते, ताई.
चार रवं उतरत्यात तेवढा येळ.
मोजलंय म्या."

मी मोजलं नव्हतं.
सात वर्षं हेच काम करून
मी आधी पंख्यावरची धूळ फुंकली,
मग एक केबल काढली, तीच परत घातली.

नंतर घड्याळ लावलं. एकोणीस सेकंद.
पुन्हा एकोणीस. एकदा बावीस, तेव्हा रवा मोठा असावा.

काळी खिडकी उघडून बसले, बारदानाच्या गठ्ठ्यावर.
प्रोसेसर रिकामा, नुसता माश्या मारत,
तरी त्याच्या नावावर चौदा जणांचं ओझं.
म्हणजे चौदाजण काम करत नव्हते,
वाट बघत होते.
प्रत्येकापुढं एकच अक्षर:
झोप, पण मोडता न येणारी.
हाक मारली तर ऐकत नाहीत, मारलं तर मरत नाहीत.
एकाला मी मारून बघितलं.
हुकूम गेला,
आणि तोही मुकाट रांगेत उभा राहिला.

मला गंगावेशीतला दूधकट्टा आठवला.
रात्रीचे नऊ, बाबांचा हात, माझ्या हातात स्टीलचा पेला,
म्हशीच्या आचळातनं धार, फेसाचा वास.
त्या दिवशी आमच्यापुढं एक पेढेवाला होता, दोन कॅन घेऊन.
पुढं आला, पुढं भरला.
गवळी इमानदार होता. लबाडी कुणीच केली नाही.
माझा पेला तेवढा कोरडा राहिला,
आणि मी बाबांच्या खांद्यावर झोपले.

इथं कॅन कुणाचा, ते शोधायला संध्याकाळ झाली.
चार कॅमेरे. पाडव्याला बसवलेले, गूळ चोरीला जातो म्हणून.
चौघांचं चित्र त्याच एका डिस्कवर.
मेमरी आधी सगळं पोटात ठेवते,
पोट तुडुंब झालं की एका दमात ओतते.
तबकडीवरचा हात मग या टोकाला, त्या टोकाला,
गोदामाची रिकामी भिंत लिहीत राहतो, तपशीलवार,
आणि मागं शमाचा एवढासा प्रश्न उभा:
बारा नंबरच्या गाडीचं वजन किती?

मी रांगेचा नियम बदलला.
प्रत्येक मागणीला आता मुदत,
पेल्याची मुदत आधी संपते,
मग कॅननं थांबायचं.
मेमरीला म्हटलं, थोडं थोडं ओतत जा.
कॅमेऱ्यांना वेगळी डिस्क घ्या, असंही सांगितलं.
शेटे म्हणाले, "बघूया हंगाम संपल्यावर."

पावतीवर त्यांनी लिहिलं: कॉम्प्युटर दुरुस्ती.
मोडलेलं तर काहीच नव्हतं.
कुणाला आधी, एवढंच मी फिरवलं होतं,
त्याचे साडेसातशे रुपये, आणि कागदात गुळाचा खडा.

निघताना दारात हिंदूराव.
पाठीवरनं रवा काट्यावर टेकवला,
सवयीनं मोजायला लागला: "एक..."
आकडा पडद्यावर आला होता.
'दोन'साठी उघडलेलं तोंड
तसंच राहिलं जरा वेळ.